तीन मिलिमीटर भावना

मिस्त्रीला सगळे ओळंबाच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव बायकोला आणि सरकारी कागदांना तेवढं माहीत होतं. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन सोडलं की सरळ खाली जातं, तसा हा माणूस. चौतीस वर्षं त्याने लोकांच्या न्हाणीघरांना आणि स्वयंपाकघरांना टाइल लावल्या, पण एका टाइलने शेजारणीपेक्षा जरासं डोकं वर काढलेलं त्याला कधी खपलं नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरून तळहात फिरवायचा आणि मग पाणी प्यायचा. म्हणून बायको त्याला परक्या घरी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसवायची.

तर अशा या ओळंब्याचा उजवा हात गेल्या वर्षापासून कापत होता.

हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान त्याची तशी समजूत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि हा तर खरोखरच मूठ झाकून हिंडत होता. चहा अर्धा कपच घ्यायचा, म्हणजे सांडायला उरायचा नाही. कामाला लागला की धूळ बाहेर जाते म्हणून दार लावून घ्यायचा. मग डाव्या हाताने उजवं मनगट आवळायचं, श्वास रोखायचा आणि टाइल भिंतीला टेकवायची. पूर्वी जी भिंत दिवसात उरकायची तिला आता तीन दिवस लागत. कुणी विचारलंच तर म्हणायचा, हल्लीचं सिमेंट पूर्वीसारखं राहिलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती, त्यामुळे हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

लपवायचं कारण म्हणजे भाचा. ओळंब्याच्या बहिणीचा मुलगा ठेकेदार होता. थापी धरायला त्याला मामानेच शिकवलं होतं, पण थापी काही त्याला वश झाली नाही, म्हणून तो ठेकेदार झाला. माणूस वाईट नव्हता, पण धंद्याचा एक नियम त्याने ठरवून टाकला होता: ज्याचं अंग कामाला साथ देईना त्याला गोदामात बसवायचं. आधीच्या एका मिस्त्रीचे डोळे गेले तेव्हा त्याला तिथेच पाठवलं. आत येणारी खोकी मोजायची आणि बाहेर जाणारी खोकी मोजायची. ओळंबा एकदा त्याला भेटायला गेला, तर तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवत होता, सांधा सापडतो का बघत. ते पाहून आल्यावर ओळंब्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

अशात ते नवव्या मजल्यावरचं काम आलं.

घर ओळखीचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या ओट्यामागची पांढरी भिंत ओळंब्यानेच केली होती. अकरा वर्षांत एक सांधा उकलला नव्हता की एक कोपरा उचकटला नव्हता. पण घरच्या बाईंनी आता डिझायनर नेमली होती, आणि त्या तरुण मुलीने भिंतीसमोर उभं राहून, मान तिरकी करून निदान केलं, "ही भिंत काहीच बोलत नाही."

बाईंना हे एकदम पटलं. अकरा वर्षं आपण एका मुक्या भिंतीबरोबर राहिलो याचं त्यांना वाईटही वाटलं.

"ओट्यामागचा हा बॅकस्प्लॅश म्हणजे घराचा चेहरा असतो," डिझायनर म्हणाली. "तुम्ही कोण आहात ते त्याने सांगायला हवं."

आपण कोण आहोत ते ठरवायला त्या कुटुंबाला दोन महिने लागले. साहेबांना टाइलवर फोटो छापून हवे होते, बहुतेक स्वतःचेच. डिझायनरने मापं घेऊन दाखवलं की त्यांचं नाक बरोबर मोठ्या शेगडीच्या मागे येतंय आणि तळण असेल त्या दिवशी ते दिसणार नाही. साहेब हिरमुसले. बाईंना मुलांच्या हातांचे ठसे हवे होते, पण मुलं सव्वीस आणि चोवीस वर्षांची होती, दूरच्या शहरांत होती, आणि त्यांचे पंजे एका टाइलमध्ये मावण्यासारखे राहिले नव्हते. मग फळ्यासारखी काळी भिंत करून तिच्यावर रोज मनातलं काहीतरी लिहायचं ठरलं. नमुन्यादाखल एक काळा पत्रा लावला. त्यावर बाईंनी सुंदर अक्षरात "आनंदी राहा" लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली स्वयंपाकाच्या ताईंनी लिहिलं, "साबण संपला." तो बेत तिथेच बारगळला. मग फुटक्या बशांच्या तुकड्यांची नक्षी करायची म्हणून बाईंनी नणंदेने दिलेला आख्खा सेट स्वतःच्या हाताने, फार मन लावून फोडला. त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला की महिनाभर राहायला येतेय. तुकडे गोणीत भरून माळ्यावर गेले.

या सगळ्यात स्वयंपाकाच्या ताईंना कुणी काही विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीसमोर उभ्या असायच्या त्या ताई. बाई ओट्यापाशी यायच्या त्या फोन चार्जिंगला लावायला.

शेवटी डिझायनरनेच तोडगा काढला. हाताने घडवल्यासारख्या दिसणाऱ्या, शेवाळी रंगाच्या छोट्या टाइल, आणि त्या लावायच्या वाकड्या. "सगळ्यांच्या भिंती सरळ असतात. तुमची माणसासारखी असेल. थोडी चुकलेली."

"किती चुकलेली?" साहेबांनी विचारलं. ते हिशेबी गृहस्थ होते.

"तीन मिलिमीटर," डिझायनर म्हणाली.

ओळंब्याला आधी आपलीच भिंत फोडायची होती. दुसरा कुणी असता तर घण घालून तासाभरात मोकळा झाला असता. याने छिन्नी घेतली, एकेका टाइलच्या पाठीशी हळूहळू शिरला आणि जमेल तेवढ्या अखंड काढल्या. दिवस गेला त्यात. पन्नासेक पांढऱ्या टाइल शाबूत निघाल्या. राडारोडा म्हणून त्या फेकायच्याच होत्या, म्हणून भाच्याला विचारून त्याने त्या घरी नेल्या आणि पलंगाखाली सरकवून ठेवल्या. बायकोने विचारलं, "यांचं काय करायचंय?" तो म्हणाला, "बघू." त्या दोघांच्या स्वतःच्या शेगडीमागे एकोणीस वर्षं उघडं सिमेंट होतं आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेलं मेणकापड. दिव्याखाली अंधार असतो, तसलाच प्रकार.

नंतर डिझायनरने नकाशा आणून दिला. त्यात प्रत्येक टाइलला नंबर होता आणि प्रत्येक नंबरापुढे चूक लिहिलेली होती. चौदा नंबर डावीकडे दोन मिलिमीटर कललेली. पंधरा नंबर एक मिलिमीटर खाली. सोळा नंबर सरळ, "पण अवघडून."

"मॅडम, सरळच आहे तर अवघडून कशी?" ओळंब्याने विचारलं.

"काका, ते आतून यायला हवं," ती म्हणाली.

ओळंब्याने आतून काही येतं का ते पाहिलं आणि शेवटी पट्टीच काढली. चार दिवस तो त्या भिंतीशी झगडला. मनगट आवळून, श्वास कोंडून त्याने नकाशातली प्रत्येक चूक जिथल्या तिथे, जेवढ्यास तेवढी बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाकडं काम केलं होतं, पण त्यात एक चूक शोधून सापडली नसती. डिझायनर आली, तिने स्टीलच्या पट्टीने वीस-बावीस ठिकाणी मोजलं आणि सुस्कारा सोडला.

"मापं बरोबर आहेत काका. पण भावना नाही."

"किती कमी पडली?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं. नकाशात भावनेचा रकाना त्याला दिसला नव्हता.

हा चेष्टा करतोय असं तिला वाटलं. तिने भाच्याला फोन लावला आणि संध्याकाळी भाचा धापा टाकत वर आला. मामाला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, हे मोठं गिऱ्हाईक आहे. या मुलीच्या हातात आणखी वीस घरं आहेत. सगळं काढा आणि परवापर्यंत तिच्या मनासारखं करून द्या."

"अरे, तिच्या मनात काय आहे ते तिला तरी ठाऊक आहे का?"

"नसू दे. मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण हल्ली तुम्हाला वेळही फार लागतोय. झेपत नसेल तर तसं सांगा. गोदामात सावलीचं काम आहे, खुर्ची आहे, पंखा आहे."

पंख्याचं ऐकताच ओळंब्याने थापी उचलली. "परवा देतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाइल उतरवल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीला हात घातला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे हात नेहमीपेक्षा जास्तच उड्या मारत होता. त्यात दार लावायचं राहून गेलं. चहाचा कप घेऊन ताई आत आल्या, तेव्हा त्याच्या हातातली टाइल भिंतीवर टकटक वाजत होती.

"मिस्त्री, हात कापतोय तुमचा."

ओळंब्याने टाइल खाली ठेवली. वर्षभर सांभाळलेली मूठ एका चहाच्या कपापायी उघडी पडली. "ताई, कुणाला सांगू नका," तो म्हणाला.

"मला कोण विचारतंय?" ताईंनी कप ओट्यावर ठेवला. "पण मला एक कळत नाही. तो हात कशाला एवढा दाबून धरता?"

"नाही धरला तर वाकडं होईल."

"मग त्यांना काय हवंय?"

ताई निघून गेल्या, त्यांना भाजी चिरायची होती. ओळंब्याने नकाशाची घडी करून खिशात घातली. डावा हात कमरेवर ठेवला, कारण आता त्याला काही काम नव्हतं. टाइल उचलली आणि उजव्या हाताला म्हणाला, जा बाबा, तुला जायचं तिथे जा. टाइल भिंतीला लागली, थरथरली, जराशी कलली आणि चिकटली. त्याने दुसरी घेतली. दहाव्या टाइलनंतर त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतोय. वर्षभरात भिंतीसमोर उभं राहून त्याने मोकळा श्वास घेतला नव्हता. त्याला इतकं बरं वाटलं की तो हलकेच शीळ घालू लागला. दिवस मावळायच्या आत भिंत झाली.

पण काम पाहून मात्र त्याला रडू आलं. चौतीस वर्षांची अब्रू त्या ओट्यामागे लटकत होती.

दुसऱ्या दिवशी डिझायनर आली आणि दारातच थबकली. तिने पट्टी काढली नाही. जवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"काका," ती म्हणाली, "ही भिंत श्वास घेते आहे."

"घेत असेल," ओळंबा म्हणाला.

बाईंनी भिंतीवर हात ठेवला आणि आपण नेमक्या अशाच आहोत असं जाहीर केलं. आपण कसे आहोत ते साहेबांना उमगलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. भाच्याने मामाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. डिझायनरच्या आग्रहावरून शेवटच्या टाइलवर ओळंब्याने सही केली. ती सही भूकंपात सापडल्यासारखी उमटली, आणि सगळ्यांत जास्त कौतुक तिचंच झालं. फक्त ताईंनी भिंतीच्या वरखाली आलेल्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "यात तेल बसणार. दात घासायचा जुना ब्रश बघून ठेवायला हवा."

पुढच्या महिन्यात ती भिंत घरसजावटीच्या एका मासिकात आली. खाली लिहिलं होतं, "चौतीस वर्षं सरळ भिंती केलेल्या कारागिराने अखेर स्वतःला मोकळं केलं." भाच्याने ते पान कापून ऑफिसात फ्रेम करून लावलं. गोदामाचं नाव कुणी काढेना. ओळंबा आता मिस्त्री राहिला नव्हता, त्याला कलाकार म्हणू लागले होते. आणखी चार घरं त्याच्याकडे आली आणि चारही त्याने हात मोकळा सोडून वाकडी केली. कामं पटापट व्हायची. पण घरी आल्यावर तो भिंतीकडे पाठ करून बसायचा.

एका सकाळी बायको त्याला म्हणाली, "आज कामावर जायचं नाही. डॉक्टरांकडे जायचंय."

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

तिने उत्तर न देता त्याचा शर्ट पुढे केला. ओळंबा शर्ट घालू लागला आणि पहिल्यांदाच त्याचं लक्ष गेलं. शर्टाला बटणं नव्हती, टिचबटणं होती. त्याने दोरीवरचा दुसरा शर्ट बघितला, तिसरा बघितला. वर्षभरात तिने एकेक करून सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली होती, आणि चकार शब्द काढला नव्हता. तो कॉटवर बसला आणि एकेक टिचबटण दाबत गेला; कापत्या बोटांनीही ती लागत होती.

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाबरोबर काहींना होतं हे. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, दुपारपर्यंत हात शांत राहील. आणि राहिला की! आठवड्याभराने ओळंब्याने बायकोकडे काठोकाठ भरलेला कप मागितला आणि थेंब न सांडता प्यायला. मग आणखी एक मागितला. तिने हसत हसत दिला.

याच खुशीत तो पाचव्या घरी गेला. टाइल शेवाळीच होत्या, नकाशा आता कुणी देत नव्हतं. त्याने हात मोकळा सोडला. पण हात चौतीस वर्षांच्या सवयीने सरळ गेला, टाइल सरळ बसली आणि तिच्या शेजारी दुसरीही सरळच बसली. त्याने मुद्दाम वाकडी लावून बघितली. ती मुद्दाम लावलेलीच दिसू लागली, म्हणून लाजून काढली. दुपारपर्यंत अशी भिंत उभी राहिली की तिच्यावरून मुंगी चालली असती तर तिला सांधा कळला नसता. किती दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

डिझायनरचा चेहरा पडला. "काका, हे काय? भावना कुठे गेली?"

भाचा धावत आला. भिंत बघितली, मामाचा हात हातात घेऊन बघितला आणि काळजीने म्हणाला, "मामा, हात एकदम स्थिर दिसतोय. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. म्हणूनच तर," ओळंबा म्हणाला. म्हणजे हात कापायचा हे यालाही ठाऊक होतं.

"म्हणजे आता असंच येणार का हे? सरळ?" भाच्याने आवाज खाली आणला. "मामा, सरळ लावणारी माझ्याकडे ढिगाने माणसं आहेत. गिऱ्हाइकं तुमच्यासाठी येतात. तुम्हाला ते जमत नसेल तर मला विचार करावा लागेल. गोदामात ती खुर्ची अजून आहे."

ओळंबा घरी गेला आणि बायकोला सगळं सांगितलं. हात कापायचा तेव्हा तो गोदामाला भ्यायचा, आता हात थांबला तरी गोदाम होतंच. सांगता सांगता त्याला हसू फुटलं, तीही हसली. गोळ्यांची डबी मध्ये पडली होती.

"मग?" तिने विचारलं.

"कामाच्या दिवशी नको घ्यायला," तो म्हणाला. डॉक्टरांनी रोज सांगितली होती हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने डबी उचलली, जराशी हलवली आणि फळीवर सर्वांत वर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून भावना परत आली. डिझायनर म्हणाली, अधूनमधून असं होतंच, कलाकाराला मधूनच कोरडा काळ येतो.

त्या रविवारी सकाळी बायकोने डबी खाली काढली आणि पाण्याच्या पेल्याबरोबर त्याच्यापुढे ठेवली. ओळंब्याने गोळी घेतली, अर्धा तास थांबला आणि पलंगाखालून पांढऱ्या टाइल ओढून काढल्या. शेगडीमागचं मेणकापड उपटलं, सिमेंट ओलं केलं, ओळंबा सोडला, दोरी ताणली. मदतीला बायकोशिवाय कुणी नव्हतं. ती टाइल धुऊन पुसून हातात देत गेली आणि तो लावत गेला. अकरा वर्षं लोकांच्या घरी मुक्या राहिलेल्या त्या टाइल इथेही काही बोलल्या नाहीत.

दुपार कलली तेव्हा कोपऱ्यातली शेवटची एक राहिली होती. ती उचलली आणि त्याचा हात हलला. गोळीचा भर ओसरला होता. टाइल लागली, पण केसभर तिरकी. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. त्याने ती ओढून काढली.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "कोण बघायला येतंय इथे?"

"तू रोज बघशील ना."

त्याने पुन्हा टाइल उचलली. तिने हात पुसले, पुढे झाली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. वर्षभर दार लावून तो जसं एकटाच धरायचा तसंच. "अहो, श्वास घ्या," ती म्हणाली. टाइल भिंतीला टेकली आणि तिथेच राहिली.

तिने लेव्हल उचलून भिंतीला लावली. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं तिला येत होतं. "बघा बरं, बुडबुडा मधोमध आहे का?"

ओळंब्याने बघितलं, पण त्याला काही दिसेना. डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "थांब जरा, मग सांगतो," आणि तळहात भिंतीवर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. हात सारखा कापत होता, पण भिंतीवर कुठेही अडला नाही.